बापूच्या वजनाला माझं माप

"बस पारड्यात," कारभारी म्हणाला. मी बसलो.

खळ्यावर मिरची तोलायचा मोठा काटा टांगला होता. समोरच्या पारड्यात बापू. बापू म्हणजे आमचा मालक. तापीकाठची काळी जमीन त्याची, मी त्याचा सालदार, म्हणजे वर्षाच्या धान्यावर बांधलेला गडी, जातीनं भिल्ल. लोखंडी मापांनी तोलून घ्यायची बापूला लाज वाटायची. तो काय माल होता? म्हणून समोर मला घातलं. मी एकटा कुठे पुरतो त्या देहाला. माझ्या मांडीवर गुळाच्या ढेपा रचल्या, तेव्हा काटा सरळ झाला. जमलेले हसले. कुणी म्हणालं, "एक भिल अन् तीन ढेपा." गावात बापूचं वजन तेच झालं.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. चार पावलं टाकली की बापूला धाप लागायची. आगगाडीनं सुरतेला गेला. डॉक्टरनं सांगितलं, वजन उतरवायचं, तोलत राहायचं, तूप बंद, भाकरी निम्मी, रोज सकाळी पायी फिरायचं. एवढं ऐकायला सुरत. आमच्या वस्तीत हे जन्मापासून चालू होतं. आम्हाला डॉक्टर लागला नाही.

मग मालकीणबाई भाकरी तोलून वाढू लागल्या. सकाळी बापू नंदुरबारच्या रस्त्यानं फिरायला निघायचा. मागे मी, डोक्यावर त्याची खुर्ची. दम लागला की मांडायची. येणारेजाणारे रामराम करून म्हणायचे, बापू किती सोसतात. बापू मान हलवायचा. खरंच सोसतोय असं त्याला वाटायचं. घरी येऊन तो आडवा व्हायचा. मी वावरात.

दर बाजाराच्या दिवशी तोल. आधी एक ढेप उतरली. बापूनं तिचा गूळ गावात वाटला. वस्तीपर्यंत आला नाही.

पुढे ढेप उतरेना. बापू पिसाळला. अर्धपोटी राहतोय, पाय झिजवतोय, आणि काटा तिथंच. शेवटी कारभाऱ्यानं माझा दंड चाचपला. "बापू, हाऊच उतरी ऱ्हायना."

खरं होतं, माझंच वजन उतरत होतं. माझी बायको पोटुशी होती. घरात येईल त्यातलं मी तिच्यापुढे सारत होतो. बापू तसाच वाळत होता, सोबत मीही. त्याला वाटलं, मी मुद्दाम केलं.

उपाय निघाला. माझं वजन कायम राखायचं. रोज दुपारी ओट्याखाली बसायचं, दोन भाकरी आणि डाळ बापूसमोर संपवायची. बैलाला पेंड घालतात ती तो ओढेल म्हणून. मला घालायचे ते बापू किती वाळला हे कळावं म्हणून. आणि मी खाल्लं. भूक होती.

दोनतीन दिवसांनी दुसरी भाकरी धोतरात खोचली. बापूनं पाहिलं. रागावला नाही. इथंच खा, अशी समजूत घालावी तसा बोलला, "ती आठेच खाय. तुन्ही बायको काय काट्यावर बसस?"

इतकी वर्षं मी या माणसाला भ्यालो होतो. आता नीट बघितलं. निम्म्या भाकरीवर राहतो म्हणून गावभर कौतुक करून घेणारा, स्वतःची खुर्ची उचलता न येणारा एक गोळा. याला भ्यालो? शिसारी आली. त्याची आली, आणि त्याच्यासमोर बसून चघळणाऱ्या माझीही.

भाकरी काढून ओट्यावर ठेवली.

"मंग मीबी बसत नई."

कारभाऱ्यानं पाठीत काठी घातली. मी पळालो नाही. चालत गेलो. सालाचं धान्य बुडालं. बायकोला घेऊन नवापूरकडच्या डोंगरात, तिच्या भावाकडे. तिथं मुलगी झाली, मूठभर. मामाच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या भाकरीवर आईला दूध आलं, त्यावर जगली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवे सालदार ठरतात. त्याआधी मी वस्तीत परतलो. घरोघर बसून झालं ते सगळं सांगितलं, मी खाल्लं तेही. मग कारभारी आला. माझ्या जागी कोण येतो, विचारलं. कुणी उठलं नाही. म्हाताऱ्यांनीही मान वर केली नाही.

मी म्हणालो, "बायकापोरेसनं धान्य पहिले घर येवाले पाहिजे. मंग आम्ही वावरमा येसूत."

तो शिव्या देत गेला. देऊ दे. कुणाच्या ओट्याखाली बसून, त्याच्या नजरेसमोर, आमच्यातला कोणी पुन्हा खाणार नाही. धान्य आमच्या चुलीपाशी येईल, तेव्हा आमचे हात त्यांच्या मातीत जातील. नाही तर माजू दे तण.