रानडुकराच्या पायातली तार

आमच्याकडे पुन्हा तोच वाद सुरू झाला आहे. रानडुकरं मारायला सरकारने परवानगी द्यावी की देऊ नये. बसमध्ये, बाजारात, देवळाच्या मांडवात जो तो बोलतो. एकजण म्हणतो, शिकार बंद झाली म्हणून रान माणसावर उठलं. दुसरा म्हणतो, शिकारीनेच रान रिकामं केलं. मला कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. घरात कोणी नसताना लिहिते आहे.

मी गोव्यातल्या चोपड्याची. नदीकाठी मासळी कापत वाढले, त्यामुळे लग्न होऊन लाटंबार्शाला आले तेव्हा रक्त मला नवीन नव्हतं. पण एवढं रक्त नवीन होतं. पहिल्याच पारधीला माणसांनी वेळूच्या दांड्याला उलटा टांगलेला डुक्कर आणला आणि आमच्या अंगणात धपकन टाकला. पेटत्या झावळ्यांनी त्याचे केस जाळले, सुरीने कातडं खरवडून पांढरं केलं. मग पोट चिरलं तशी आतून वाफ आली आणि आतडी जमिनीवर सांडली. कुत्रे भुंकायचे थांबून थरथरत उभे राहिले. मी तोंड फिरवलं.

"मासळी कापणाऱ्यांचा चेडू ना गो तू?" सासूबाई म्हणाल्या. "मगे तोंड कित्याक फिरवतस? बालदी धर."

मी बालदी धरली.

वाटे कसे करायचे हे ठरलेलं असे. पहिला राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा. ज्याची गोळी लागली त्याला डोकं. मग रान उठवणाऱ्यांचे, मग कुत्र्यांचा. ज्या घरात पुरुष नाही त्या घरीही एक वाटा पोचत असे. गोळी बहुतेक माझ्या थोरल्या दिरांची असे, कारण घरात ठासणीची परवान्याची बंदूक त्यांची होती. पण पारधीचा पुढारी माझा नवरा. कोणी कुठे उभं राहायचं, कुत्रे कधी सोडायचे, हे तो सांगे. पावसात पारध नाही. पोरांची मादी दिसली तर नळी खाली. आणि सगळ्यांत मोठा नियम हा, की जखमी केलेलं जनावर रानात सोडून घरी यायचं नाही.

एकदा पोटात गोळी लागलेला डुक्कर झाडीत शिरला. माणसं दमली होती, परत फिरूया म्हणत होती. हा एकटा पुढे गेला, त्याच्यामागून नाइलाजाने बाकीचे. सापडला तेव्हा डुकराने आमच्या तांबूस कुत्रीला बरगड्यांपासून उघडं केलं होतं. याने भाला घातला, वर पाय देऊन दाबून धरला, आणि जनावर थंड झाल्यावरच काढला. कुत्रीला खांद्यावर घालून घरी आला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. मी चुलीकडे गेले. पाणी तापवलं. माणूस दोन पायांवर घरी आला एवढंच मी बघत असे. बाकी शिकार बरी की वाईट, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

गोवा राज्य झालं, आणि पुढच्या वर्षांत वनखात्याची माणसं गावात वरचेवर येऊ लागली. पारध हा गुन्हा आहे हे आधीही कायद्यात होतं म्हणतात, पण आम्हाला ते तेव्हा कळलं. शेजारच्या गावातल्या दोघांना धरून नेलं आणि आमची पारध थांबली. भाले माळ्यावर गेले. बंदूक शेताच्या राखणीपुरती राहिली, तीही निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागे.

डुकरं वाढली. आमची वायंगण, म्हणजे उन्हाळी भाताची शेती ओहोळाच्या कडेला आहे. चैत्रात भात पिकायला आलं की कळप उतरे. खायची थोडं, लोळायची फार. सकाळी जावं तर अर्धा कुणगा, भाताचा वाफा, चिखलात कालवलेला असे. एके वर्षी नेमकी तेव्हाच निवडणूक लागली आणि बंदूक ठाण्यात होती. एका सकाळी दीर पडवीत बसून जळत्या चुडतावर, सुक्या झावळीवर, मोटरसायकलच्या जुन्या क्लचच्या तारा धरत होते. वरचं प्लास्टिक जळून आतली तार मोकळी होत होती. त्या काळ्या धुराने मला खोकला आला. ते काय करताहेत हे मला समजलं. आमच्याकडे तिला फासकी म्हणतात. एका टोकाला सरकती गाठ आणि दुसऱ्या टोकाला लाकडी खुंटी.

दोन दिवसांनी मी डोंगराच्या उतारावर काजूचे बोंडू वेचून पुंजावत होते. खाली नवरा शेताच्या बांधावर उभा होता. दीर झाडीतून धावत आले.

"डुकर खुंटी उपटून गेलो. तार पायात घेवन गेलो."

"तार कोणाची?" नवऱ्याने विचारलं.

दीर शेताकडे बघू लागले.

"दादा, इचारतंय मिया."

"कोणाची तर कोणाची! भात कोण खाता ता बघ आधी. जावंदे. मरतलो तो खंयतरी."

नवरा घरी गेला आणि माळ्यावरचा भाला आणि कोयता घेऊन आला. मी उतारावरून खाली धावले.

"अहो, एकटे नको. चार माणसां घेवन जावा."

"कोणाक बोलावू? चार माणसां आयली की तार दिसतली. दादा आत जातलो."

"मगे जाव नको."

"जखमी असा तो," तो म्हणाला. हे सांगून झालं म्हणजे सगळं सांगून झालं असा त्याचा चेहरा होता. दीर म्हणाले, "मिया वाटेर रवतंय, कोण इलो तर बघूक." आणि खरंच वाटेवर जाऊन उभे राहिले.

पारधीच्या दिवसात त्याच्या दोन्ही अंगांना माणसं असत, पुढे कुत्रे असत, मागे बंदूक असे. आता नियम तेवढा उरला होता, बाकी काही नव्हतं. मी टोपली तिथेच टाकली आणि मागे गेले. तो मला परत जा म्हणाला. मी गेले नाही.

पानांवर रक्त होतं, आणि खुंटी ओढत गेल्याचा माग. डुक्कर सुक्या ओहोळात एका काजूच्या मुळाशी उभा होता, मोठा नर. मागच्या पायात तार इतकी रुतली होती की हाड दिसत होतं. खूर एका बाजूला लोंबत होता. त्याने मान खाली घातली आणि आला. तीन पायांवर एवढ्या वेगाने कोणी येऊ शकेल असं मला वाटलं नव्हतं. नवऱ्याचा भाला त्याच्या खांद्यावर बसला, पण निसटला. नवरा पडला. डुकराने मान बाजूने वर मारली आणि गुडघ्यापासून वर त्याची मांडी उघडली, जशी आम्ही मोठी मासळी उघडतो. तो ओरडला नाही. श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला. डुक्कर फिरला, पुन्हा मान खाली.

तारेची खुंटी माझ्या पायाशी सरपटत होती. मी ती उचलली आणि काजूच्या दोन बुंध्यांच्या बेचक्यात अडकवून पाठीने दाबली. तार ताणली. माझ्या तळहातातून गेली, ते मला नंतर कळलं. डुक्कर नवऱ्याच्या अंगावर पोचायच्या आधी हिसका बसून तोंडावर आपटला. ओढत होता, किंचाळत होता, आणि प्रत्येक ओढीला त्याचा पाय आणखी कापला जात होता.

"कोयतो," नवरा म्हणाला. "मानेर घाल. कानामागे."

खुंटी बेचक्यात घट्ट बसली होती. मी कोयता उचलला. पहिला घाव कातड्यावरून घसरला. दुसरा बसला पण आत गेला नाही. मग मी बघायचं सोडलं आणि घालत राहिले. तोंडावर गरम उडत होतं, डोळ्यांत जात होतं. तो किंचाळायचा थांबला तरी मी घालत होते. नवरा म्हणाला, "पुरे गो, पुरे. मेलो तो." मग मी लुगड्याचा पदर फाडून त्याची मांडी आवळली आणि दिरांना हाक मारली. ती बहुतेक सगळ्या गावाने ऐकली असेल.

दीर आले. त्यांनी आधी डुकराच्या पायातली तार कापली, खुंटीसकट झाडीत दूर फेकली, मग भावाला पाठीवर घेतलं. हा क्रम मी विसरले नाही.

नवरा बरेच दिवस इस्पितळात होता. पाय वाचला, पण गुडघ्यात वाकेना. वनखात्याने पंचनामा केला. स्वसंरक्षणात मारला असं लिहिलं आणि डुक्कर जाळून टाकला. गावात म्हातारी माणसं हळूच हसत म्हणाली, डोकं यंदा सुनेचं होतं, सरकारने खाल्लं.

पुढे पावसाच्या तोंडावर देवळाच्या मांडवात सभा भरली. वनखात्याचे साहेब आले, डिचोलीहून रानातल्या जनावरांसाठी काम करणाऱ्या एक बाई आल्या. नवऱ्याला काठीसकट पुढे खुर्चीत बसवलं. मी खांबामागे बायकांत बसले.

साहेब म्हणाले, शेताला सौरकुंपण करा, सूचनाफलक लावा.

गावचे एक म्हातारे उठले. "साहेबानु, फलक लावतलंव. पण कोंकणीत लावूचो की मराठीत, ता आधी ठरवा. नायतर डुकर रवतले बाजूक आणि हंयच आमची मारामारी जातली."

मांडव हसला. साहेबही हसले.

दीर उभे राहिले. बोलण्यात ते हुशार. "ज्याका फुडल्या वर्सा पारध करूची असा, तो आज रान जाळीना. आमी मारीत होतंव म्हणान आमी राखीत होतंव. पोरांची मादी आमी कधी मारली? आज हो माझो भाव बघा. बंदूक हातात आसती तर हेचो पाय असो झालो नसतो."

त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या भावाचा पाय बघूनच मी सांगते. एकदा परवानगी दिली की रानात कोण काय मारतो हे कोण बघणार? डुकराच्या नावाखाली भेकरं जातील. आणि मला सांगा, त्या डुकराला जखमी कोणी केलं? पंचनाम्यात पायाची जखम तारेची लिहिली आहे."



"ती तार खाणीवरची भायली माणसां लावतत," दीर म्हणाले. "सावंतवाडीकडची. तेंका काय पडला हा?"

बऱ्याच माना हलल्या. माझ्या शेजारी बसलेली बाई त्याच माणसांतली होती, नवरा खाणीच्या ट्रकवर कामाला. तिने पदर तोंडाला लावला. मी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. दोन्ही बाजू त्याचा पाय आपल्याकडे ओढत होत्या. शेवटी काही ठरलं नाही. साहेबांनी वर कळवतो म्हणून सांगितलं. चहा आणि पाव खाऊन माणसं पांगली.

परतताना नवरा मला म्हणाला, "वरच्या रानात कायतरी कण्हता म्हणतत. उद्या बघूक होया."

"त्या पायान?"

"जखमी आसात तर..."

मला तेव्हा सगळं स्वच्छ दिसलं. परवानगी येवो न येवो, फासक्या रानात आहेत तोवर जनावरं जखमी होणार, आणि हा माणूस काठी टेकत का होईना, त्यांच्यामागे जाणार. आणि एक दिवस परत येणार नाही.

आमच्याकडे सून थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचं तर सासूला सांगायचं किंवा दाराआडून. त्या दिवशीची ती एक हाक सोडली तर इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी थेट बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी त्यांच्या बाजूच्या पडवीत जाऊन उभी राहिले. हातात कोयता होता.

"भावजी, फासक्यो काढूक चला. सगळ्यो."

ते दचकले. "आयेक सांग काय ता."

"आयेक नाय. तुमकां सांगतंय. नायतर साहेबाक सांगतलंय."

माझा आवाज निघाला. त्यांनी माझ्या तळहातांकडे पाहिलं. तिथे तारेचे वळ अजून लाल होते. ते उठले.

सगळ्या फासक्या ओहोळाच्या वर होत्या. ते पुढे, मी मागे. ते वाकून काढायचे, गुंडाळायचे, माझ्या टोपलीत टाकायचे. एकीत सडलेलं वानर होतं, मान पूर्ण फिरलेली, तोंडात माश्या. एकीत नुसता पाय होता. कोणाचा, ते ओळखू आलं नाही.

कण्हत होतं ते भेकर होतं. कमरेला फास. सुटायला धडपडून कातडं सोललं होतं आणि मागचे दोन्ही पाय मेलेले. आम्हाला बघून त्याने पुढच्या पायांनी माती उकरली.

मी कोयता दिरांपुढे धरला.

"माका जमूचा नाय," ते म्हणाले. "बंदूक आसती तर..."

"बंदूक अजून ठाण्यात असा. आणि हा जखमी तुमी केलास."

एवढ्या पारधी करून त्यांनी हाताने कधी मारलं नव्हतं. लांबून गोळी घालायची, बाकीचं नवरा करी. मी भेकराचे पुढचे पाय धरले. ते माझ्या डोळ्यांत बघत होतं. दिरांनी एक घाव घातला, तो वाकडा बसला. ते रडू लागले. मी म्हटलं, घाला. त्यांनी पुन्हा घातला, मग पुन्हा, आणि माझ्या हातातले पाय ताठ झाले आणि सैल पडले.

आम्ही खड्डा काढून ते पुरलं. वाटा कोणाचाच केला नाही.

घरी आले तेव्हा नवरा उंबऱ्यावर बसून रानात जायला काठीला चिंधी बांधत होता. माझ्या लुगड्यावरचं रक्त त्याने पाहिलं, टोपलीतल्या तारा पाहिल्या.

"काय होता?"

"भेकर."

"मेला?"

"होय. भावजीनी."

मग त्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाला, "मगे जेवूक वाढ."