सॅली बसली नाही

त्या कॅम्पवर मी एकोणीस महिने होते. जंगलातला कॅम्प, डांबरी रस्त्यापासून अकरा किलोमीटर आत. गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून तिथंच राहतात. आमच्या निमलष्करी दलाची एक कंपनी होती, आणि महिला बटालियनमधून आलेल्या आम्ही सहा जणी. श्वानपथकात त्यांतली मी एकटीच. कागदावर आम्हाला माजी सैनिक म्हणत नाहीत. पण वर्दी घातली होती, रायफल उचलली होती आणि रस्त्यात पुरलेला सुरुंग काही कागद बघून फुटत नाही, म्हणून मी स्वतःला सैनिकच म्हणते. ज्याला पटत नसेल त्यानं चहाला यावं, बोलू.

मी मूळची नाशिकजवळच्या मखमलाबादची. घरी झेंडू नि शेवंती. भरती झाले तेव्हा आई म्हणाली होती, "कुत्र्यामागं पळायचा सरकार पगार देतं व्हय गं? आपल्या मोत्यामागं पळ की मग, घरीच हाय." शिक्षण दहावी. कुत्र्यांचं मला जे कळतं ते थोडं ट्रेनिंग सेंटरनं शिकवलं, बाकी कुत्र्यांनी.

माझी कुत्री सॅली. लॅब्राडॉर, फिकट पिवळी, पाच वर्षांची, वजन सत्तावीस किलो. काम स्फोटकं हुंगण्याचं. आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. स्फोटकाचा वास आला की अशा कुत्र्यानं भुंकायचं नसतं, उकरायचं तर मुळीच नसतं. उकरलं तर कुत्रं गेलं आणि आपणही. त्यानं जागच्या जागी शांत बसायचं आणि त्या ठिकाणाकडं बघत राहायचं. सॅलीला सांगायला तेवढी एकच खूण होती. तिच्यामागं मी, माझ्यामागं दहा माणसं, त्यांच्यामागं रेशनची गाडी. ती बसली की सगळ्यांनी थांबायचं. ती बसली नाही की पाऊल पुढं टाकायचं.

दिवस ठरलेला असे. ०४:३० ला उठायचं. ०४:४५ ला केनेल. कुत्र्याला बाहेर फिरवणं, ब्रश, पंजे, कान, डोळे, ताप बघणं. ०५:१५ ला हेल्थ रजिस्टर. शेवटच्या रकान्यात 'फिट' लिहून मी सही करायची. ०५:४० ला फॉल इन, म्हणजे रांगेत हजेरी. आठवड्यातून तीनदा रोड ओपनिंग, म्हणजे गाडी निघायच्या आधी रस्ता चालत तपासायचा.

कुत्रं सांभाळणाऱ्या हँडलर लोकांत एक रीत असते. एक कुत्रा, एक हँडलर. दुसऱ्यानं त्याला खाऊ घालायचं नाही, हात लावायचा नाही, त्याच्याबद्दल मत द्यायचं नाही. रीत चुकीची नाही. दहा जणांनी लाडावलेलं कुत्रं कुणाचंच ऐकत नाही. पण आम्ही हँडलर ती रीत फार मिरवतो. मी तर जास्तच मिरवायचे. बाई म्हणून सुरुवातीला सगळ्यांनी शिकवायला घेतलं होतं ना, त्याचा राग होता.

माझा कव्हर मॅन हवालदार डेका. आसामचा, वय एक्केचाळीस, बुटका, पान खाऊन दात लाल. मी पुढं कुत्र्यात गुंतलेली असताना माझ्या पाठीवर नजर ठेवायची, हे त्याचं काम. सगळे त्याला डेका दा म्हणायचे. तो मला दीदी म्हणायचा, मी त्याच्याहून लहान असून. हिंदी आसामी वळणाचं, बाईला 'करेगा' आणि पुरुषाला 'करेगी'.

त्या महिन्यात पावसानं रस्ता तुटला होता. कुत्र्याचा कोरडा शिधा आला नाही. सॅलीला आम्ही मऊ भात आणि उकडलेल्या मटणाचे तुकडे देत होतो. तिची शी पातळ झाली. आठवडाभरानं एक दिवस ती केनेलच्या सिमेंटवर मागचे पाय पुढं ताणून, बूड घासत घासत चालली. सगळे हसले. लांगरी, म्हणजे आमचा स्वयंपाकी, म्हणाला, "मॅडम, आपकी सॅली ने स्कूटर ले लिया." मीही हसले. जंत असतील म्हटलं. पेटीतून जंताची गोळी काढून दिली.

घासणं थांबलं नाही. शेपटीखाली सारखं चाटायची. ब्लँकेटला सुक्या मासळीसारखा वास यायला लागला, तर मी ब्लँकेट धुतलं. बसताना एका कुल्ल्यावर वाकडी बसायची. हे सगळं मी पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणणार नाही. पण नाक ओलं, ताप नाही, चारही पाय चालतात. रजिस्टरला 'फिट'.

एका संध्याकाळी मी रायफल साफ करत होते. डेका दा शेजारी येऊन उकिडवा बसला.

"दीदी, तुम्हारा सॅली टेढ़ा बैठता है."

"देखा है मैंने."

"पीछे कुछ दर्द है उसको."

"डेका दा, हँडलर कौन है?"

"तुम है."

"तो बस."

तो उठला, पायजमा झटकला आणि गेला. त्यानंतर कुत्र्याबद्दल एक शब्द बोलला नाही. मला बरं वाटलं होतं, हेही लिहिते.

पाच दिवसांनी, रस्ता दुरुस्त झाल्यावरचं पहिलं रोड ओपनिंग होतं. ०५:४० ला फॉल इन, ०५:५५ ला गेट सोडलं. धुकं नव्हतं. सॅली उत्साहानं चालली होती, नाक खाली, शेपटी मात्र मागच्या पायांत दाबलेली. ०७:१० ला आम्ही रस्त्याखालच्या एका मोरीपाशी आलो. चार फुटी सिमेंटचा पाइप, वर माती. सॅलीनं वेग कमी केला. मोरीच्या डाव्या कडेला नाक टेकवलं. मागचे पाय वाकवले, अर्धी खाली गेली, बारीक कुईं केलं आणि उठून उभी राहिली. एक गोल फेरी मारली. माझ्याकडं पाहिलं. परत तसंच, अर्धी खाली आणि वर.

आदल्या दोन दिवसांत सरावातही तिनं असंच केलं होतं. ती टाळाटाळ करते आहे असं धरून मी पट्ट्याला झटका देऊन तिला सुधारलं होतं. आजही मी तेच धरलं.

"सॅली, चल."

ती हलेना. मी झटका दिला.

रेडिओवर पार्टी कमांडर होते. "डॉग वन, क्या हुआ? ओवर."

"कुछ नहीं सर. क्लियर. ओवर."

क्लियर. हा माझा शब्द.

मी सॅलीला ओढत मोरीवरून पंधरा-वीस पावलं पुढं नेलं. मागून डेका दाचा आवाज आला, आणि रेडिओवरही.

"दीदी, रुको. ये आधा बैठा था. दो बार."

मी वळले. तो पार्टीकडं हात वर करून सगळ्यांना थांबायची खूण करत होता. गाडी मागं दोनशे मीटरवर होती, तीही थांबली. मग तो प्रॉडर, म्हणजे माती टोचून बघायची सळई, घेऊन मोरीच्या डाव्या कडेला गुडघ्यावर बसला. मी घड्याळ पाहिलं नव्हतं. वेळ नंतर रेडिओ लॉगमधून कळली. ०७:१२ ला तो बोलला. ०७:१४ ला स्फोट झाला.

माझा डावा कान तेव्हापासून कमी ऐकतो. सॅलीला खरचटलंही नाही. पार्टीतल्या बाकी कुणाला काही झालं नाही, गाडीत नऊ जण होते, त्यांनाही नाही. डेका दा जागच्या जागी गेला.

चौकशी दुसऱ्या दिवशी सुरू झाली. सगळ्यांच्या बोलण्याचा कल एकच, डॉग फेल. सॅलीला सेवेतून काढायचं. कुणी मला दोष देत नव्हतं, उलट सांभाळूनच घेत होते. मी गप्प राहिले असते तर ते तसंच लिहिलं गेलं असतं.

दुपारी सेक्टरहून जनावरांचे डॉक्टर आले. आपल्या सांगलीकडचे, मराठीच. त्यांनी सॅलीची शेपटी उचलली आणि लगेच म्हणाले, "हिला किती दिवस झाले असं?"

"दोन आठवडे होतील, सर."

"आणि बसायला सांगत होता तुम्ही हिला?"

त्यांनी मला हातमोजे घालायला लावले. "घड्याळात दिशा सांगता ना तुम्ही लोक? मग हे घड्याळ समजा. चारवर बोट ठेवा. आता आठवर." दोन्हीकडं कातडीखाली गाठ लागली. आठवरची सुपारीएवढी, गरम. सॅली इतकी सोशिक, पण ओरडली. ते म्हणाले, प्रत्येक कुत्र्याला इथं, गुदाच्या दोन्ही बाजूंना, दोन छोट्या पिशव्या असतात. त्यात वासाचा द्रव असतो. घट्ट शी होताना त्यांच्यावर दाब पडतो आणि त्या रिकाम्या होतात. शी पातळ राहिली की दाब पडत नाही. द्रव आत साठतो, खव्यासारखा घट्ट होतो, मग पू होतो. चारवरची त्यांनी तिथंच रिकामी केली. आठवरची भूल देऊन उघडली, धुतली.

मग हात पुसत म्हणाले, "बाई, गळवावर कोण बसेल? तुम्ही बसाल? तिला सांगायचं होतं. दोनदा प्रयत्न केलाय तिनं."

संध्याकाळी मी चौकशी अधिकाऱ्यांसमोर गेले. म्हटलं, कुत्रा फेल नाही. कुत्र्यानं खूण दिली, मी वाचली नाही. 'फिट' माझी सही आहे आणि 'क्लियर' माझा शब्द आहे. त्यांनी दोनदा विचारलं, असंच लिहायचं का. म्हटलं, असंच लिहा. मला ताकीद मिळाली आणि एक वर्ष हँडलरचं काम काढून घेतलं. कमीच मिळालं असं मला वाटतं. सॅली तीन आठवड्यांनी बरी झाली, दुसऱ्या हँडलरकडं आणखी चार वर्षं ड्युटी केली आणि म्हातारी होऊन गेली.

हे आता का लिहिते, तर मी आता नाशिकला गंगापूर रोडला राहते आणि सकाळी फिरायला जाते. तिथं निम्म्या लोकांच्या हातात पट्टा असतो. मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरची वैशाली मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होती, त्यांचा बडी गालिच्यावर बूड घासतोय.

"काकू, बघा ना, कसला डान्स करतोय!"

"किती दिवस करतोय?"

"झाले की आठ-दहा. एवढं काय, खाज असेल."

"शेपटीखाली चाटतो?"

"हो. आणि वास तर विचारूच नका. सासूबाई म्हणतात, घरात बोंबील आणले का."

"आजच डॉक्टरकडं ने."

"अहो काकू, तुम्ही लगेच मिलिटरी करता!"

"करते. गाडी काढ."

नेलं तिनं. वेळेत नेलं म्हणून पिशव्या नुसत्या रिकाम्या करून भागलं. तर तुम्हालाही सांगते, काकू म्हणून ऐका. कुत्रं बूड घासतं, सारखं मागं वळून चाटतं, मासळीसारखा वास मारतं, शेपटी दाबून चालतं, वाकडं बसतं किंवा बसायचंच टाळतं, तर ते नाटक करत नाही. जंत असू शकतात, ॲलर्जी असू शकते, पिशव्याही असू शकतात. कोणतं ते डॉक्टर बोट घालून सांगेल, आपण मनानं गोळी द्यायची नाही. ती चूक मी करून झाली आहे. गुदाच्या बाजूला लाल सूज, रक्त किंवा पू दिसला तर त्याच दिवशी न्या. वय झालेल्या कुत्र्याला तिथं टणक गाठ लागली तर ती पिशवीच असेल असं धरू नका, तपासून घ्या.

घरी पिळत बसू नका. आणि काही ठिकाणी आंघोळीबरोबर दर वेळी पिशव्या पिळून देतात, तेही गरज नसताना नको. सारखं दाबून ती जागा सुजते. डॉक्टरनं शिकवलं आणि करा म्हटलं तर वेगळी गोष्ट. खरं काम शी घट्ट ठेवण्याचं आहे. उकडलेला लाल भोपळा, बिनमिठाचा, चमचा-दोन चमचे जेवणात घालून बघा. वजन आटोक्यात ठेवा, बडीसारखं पिंप करू नका. रोज चालवा. आणि आपल्या जिल्ह्यात प्रत्येक भाजीत कांदा असतो, तेव्हा उरलीसुरली भाजी कुत्र्याला नको. कांदा त्यांना विषच आहे. ज्याला एकदा हा त्रास झाला त्याला परत होऊ शकतो, म्हणून रोज शेपटी उचलून बघायची लाज धरू नका.

आणि कुत्रं तुमचं असलं तरी बाहेरच्यानं काही सांगितलं तर ऐका. वॉचमन सांगेल, भांडेवाली सांगेल, लिफ्टमधला अनोळखी माणूस सांगेल. हे मला डॉक्टरांनी शिकवलेलं नाही.

स्फोटाच्या पुढच्या वर्षी बटालियनच्या कार्यक्रमात डेका दाच्या बायकोला बोलावलं होतं. पांढऱ्या आसामी मेखेला-चादरीत, लहानखुरी. कार्यक्रम संपल्यावर मी तिच्यासमोर जाऊन सावधानमध्ये उभी राहिले आणि सगळं सांगितलं. गाठीचं, रजिस्टरचं, झटक्याचं, क्लियरचं. मी त्यांना कसं गप्प केलं तेही.  ती म्हणाली, मला माहीत होतं, कुत्र्याचं. स्फोटाच्या आदल्या संध्याकाळी फोनवर ते म्हणाले होते.

"क्या बोले थे?"

"बोला, दीदी का कुत्ता को दर्द है. मैं फिर बोलेगा तो दीदी गुस्सा करेगा." तिनं पदर सारखा केला. "मैं बोला, तो मत बोलो. वो बोला, नहीं, बोलना तो पड़ेगा."

हवालदार डेका. ०७:१२ ला बोलला.