मेटाडोरमधला संसार

जावयाने सुट्टीत जंगलात मुक्काम करायचा म्हणून तंबू आणलाय. काल गच्चीवर त्याने तो उलगडला आणि नव्या ताडपत्रीच्या वासासरशी मला हजीऱ्याची एक दुपार आठवली.

नव्वदीची सुरुवात होती. आमचं लग्न नुकतंच झालेलं. यांना सुरतेजवळ हजीऱ्याला कारखान्याच्या बांधकामावर काम लागलं, पण परवडेल अशी खोली मिळेना. म्हणून ठेकेदाराच्या जुन्या मेटाडोर गाडीमध्ये, खाडीकाठच्या सरकारी पडीक जमिनीवर आम्ही राहत होतो. मागच्या दाराला ताडपत्री बांधलेली, तिच्याखाली चूल. वारा सुटला की भातात वाळू यायची. पाणी आणायला अर्धा तास चालावं लागायचं.

त्या दुपारी मी डोक्यावरचा हंडा उतरवला आणि म्हटलं, "अहो, मला माहेरी सोडा. असं राहणं मला जमणार नाही."

हे नुकतेच कामाची पाळी संपवून आले होते. बूट काढता काढता म्हणाले, "सोडतो. जरा पाठ टेकू दे, मग निघू."

आणि बसल्या जागीच त्यांना झोप लागली, एक बूट पायातच. ताडपत्रीची दोरी सुटली होती, ऊन थेट त्यांच्या तोंडावर येत होतं. ऊन उतरेपर्यंत मी ताडपत्रीची कड हातात धरून बसले.

माहेरचा विषय मी पुन्हा काढला नाही. पुढे सुरतेत बमरोलीला खोली मिळाली, संसार झाला. त्या दिवशी मी यांच्या प्रेमापोटी थांबले, असं मुलीला कितीदा तरी सांगितलंय. खरं म्हणजे स्टेशनापर्यंत जायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.