ट्विस्टिंगचा मीटर आणि खैरनार मॅडम

खैरनार मॅडम एका मीटरला हात लावण्याआधी बाकी सगळ्या मीटरच्या वायरी उपटून ठेवायच्या. आम्ही कपाळाला हात लावायचो. सिल्वासात रांध्याच्या रस्त्याला आमची धाग्याची फॅक्टरी होती आणि नव्वदीचं दशक सरत आलं होतं. प्रत्येक खात्याला विजेचा नवा मीटर बसवायचा, सगळे एका नेटवर्कवर घ्यायचे आणि आकडे साहेबांच्या कॉम्प्युटरवर दाखवायचे, असा हुकूम निघाला होता. कंपनीतून येताना सगळ्या मीटरचा नंबर एकच असतो. म्हणून बाई एकेकाला जोडणार, त्याला स्वतःचा नंबर देणार आणि तो कॉम्प्युटरशी बोलला की मगच दुसऱ्याकडे वळणार. मी त्यांच्या हाताखालचा, नाशिकचा, जन्माचा उतावळा. म्हणालो, "मॅडम, सगळे जोडून टाकू ना एका फटक्यात!"

"वर्गात दोन सुरेश बसवा न् घ्या हजेरी," त्या म्हणाल्या. "दोघं संगती ओरडतील. मास्तरला काय ऐकू येणार, कप्पाळ?"

मॅडम धुळ्याच्या, फॅक्टरीच्या इलेक्ट्रिकल इंजिनियर. ठेंगणी मूर्ती, पदर खोचलेला, पायात पुरुषी सेफ्टी बूट. मुंबईहून आलेला कंत्राटदार एकदा त्यांना म्हणाला, "बाईमाणूस आहात, पॅनेलपासून लांब उभ्या राहा." बाईंनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "करंट बाई-बुवा बघत नाही. लांब तुम्हीच व्हा, आत्ता हात धुऊन आलाय, पाणी टपकतंय." तो गुमान मागे सरला.

आमचे जनरल मॅनेजर सबनीस साहेब. जिभेवर साखर आणि पोटात भलतंच. त्यांना ट्विस्टिंग, म्हणजे धाग्याला पीळ द्यायचं खातं, बंद करायचं होतं. तिथली माणसं बहुतेक खानदेशातली, बायकापोरांसह डोकमर्डीत भाड्यानं राहणारी. पण फॅक्टरीचे मालक, शेठ, ऐकत नव्हते. एक दिवस सबनिसांनी माझ्यादेखत मॅडमना सांगितलं, "ट्विस्टिंगचा आणि एसी प्लांटचा नंबर आपसात बदलून टाका. ट्विस्टिंग फार वीज खातं असं शेठना दिसलं की झालं. कोण बघायला येतंय?"

बाई चिडल्या की अहिराणीवर यायच्या. "नही म्हंजे नही!" एवढंच म्हणून त्या उठल्या.

सबनिसांनी रविवारी गुपचूप त्या कंत्राटदाराकडून नंबर बदलून घेतले. सोमवारी आकडे पाहताच मॅडमच्या ध्यानात आलं, पण त्यांनी नंबर परत फिरवले नाहीत. मला वाटलं, दमल्या बाई. कसल्या दमतायत!

शेठ आले. कॉम्प्युटरपुढे सबनीस ट्विस्टिंगच्या नावानं गळा काढत होते, एवढ्यात मॅडम न बोलावता आत शिरल्या आणि त्यांनी खिडकी सताड उघडली. समोरच्या ट्विस्टिंगच्या शेडमधून कसलाच आवाज येत नव्हता. सुपरवायझर सुकदेवला सांगून त्यांनी सगळ्या मशिनी बंद करवल्या होत्या. पडद्यावर मात्र ट्विस्टिंगचा आकडा तसाच तगडा.

"शेठ, खातं बंद आहे. मग एवढी वीज कोण खातंय? माझ्या माहेरची माणसं?"

खातं वाचलं. सबनीसही वाचले, असली माणसं वाचतातच. 'तांत्रिक चूक' म्हणून त्यांनी हात झटकले आणि मशिनी बंद पाडल्याचं निमित्त करून मॅडमना धरलं. नंबर माझ्या चुकीनं बदलले असं लिहून द्या, माफी मागा, नोकरी राहील.

"चुकले असते तर पाया पडले असते," बाई म्हणाल्या. "चुकलेच नाही, तर माफी कशाची मागू? तुमच्या चुकीची तुम्ही मागा." आणि राजीनामा टेबलावर आपटला. मी त्यांना धुळ्याच्या एसटीत बसवलं. जाण्याआधी त्यांनी ट्विस्टिंगच्या एकूण एक माणसाला मीटरचं बटण दाबून त्याचा नंबर कसा बघायचा, ते शिकवलं होतं.

पुढच्या सोमवारी पाळी सुरू व्हायच्या वेळी सबनीस शेडमध्ये आले. सगळी माणसं मीटरपुढे उभी होती आणि मशिनी बंद होत्या.

"कुणाला विचारून मीटरला हात लावता रे?"

"इचारायचं कशाला, साहेब?" सुकदेव म्हणाला. "पोट आमचं चालतंय त्याच्यावर. नंबर बघितल्याबिगर मशीन सुरू व्हनार नाही. आज नाही, उद्याबी नाही."

साहेब तिथेच उभे राहिले. सुकदेवनं सावकाश बटण दाबलं, नंबर वाचला, मागे वळून 'बरोबर आहे' अशी मान हलवली. मगच मशिनी सुरू झाल्या.