मिरच्यांचा धूर

आज सुनेच्या हातून फोडणीतली मिरची करपली, घरभर धूर झाला आणि मला पुंडलिकनगरातली आमची भाड्याची खोली आठवली. त्या साली यांच्यामागं बारीकसारीक दुखणी लागलेली. डोळ्यावरची रांजणवाडी बसली की मान धरायची, मान सुटली की पोट बिघडायचं. शेजारच्या खाला म्हणाल्या, "इनकू नजर लगी, उतार दे." त्याच संध्याकाळी मी यांच्यावरून मीठ, मोहरी, लाल मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या. धूर उठला तसा मला ठसका लागला, दारातल्या खालाही ओढणीत तोंड खुपसून खोकल्या. हे मात्र शेगडीपाशीच निवांत बसलेले. म्हणाले, "मिरच्या टाकल्या का नाय गं? मला तर वासच येईना." ज्याची उतरवली त्याला ठसका लागला नाय, म्हणजे लई मोठी दृष्ट होती ती जळाली, असं आमच्यात मानतात. मी एवढी हरखले की खालांना बसवून घेतलं, साखर जास्त घालून चहा पाजला. बारीक दुखणी खरंच तिथं थांबली. नंतर एकच मोठं आलं, ते यांना घेऊनच गेलं. आत्ता सून खोकत खोकत खिडक्या उघडतीय. "आई, बाहेर चला ना, कशा बसलात इथं?" मी गॅसजवळच बसलेय. मला कसलाच वास येईना.