अट क्रमांक चार

आमच्या सोसायटीची मागची भिंत आणि गाड्या तोडायचं यार्ड यांच्यामध्ये फक्त एक गटार आहे. सिल्व्हर पार्कला फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या माणसाने त्या बाजूला बोट दाखवून "इथे गार्डन होणार" असं सांगितलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या स्वयंपाकघरातून जे दिसायचं ते म्हणजे टप काढलेल्या रिक्षा, दारं नसलेल्या टॅक्स्या आणि एकावर एक रचलेले टायर. दादरच्या दोन खोल्या विकून आपण हे बघायला आलो का, असं मी नवऱ्याला दर रविवारी विचारत असे, आणि तो दर रविवारी पेपर थोडा वर धरत असे.

त्या सगळ्यात मला सर्वांत जास्त चीड यायची ती हॉर्नची. दिवसातून एकदा-दोनदा यार्डातून अचानक एक लांबलचक हॉर्न वाजायचा. कधी घोगरा, कधी किनरा, आणि लगेच गॅसकटरचा आवाज सुरू व्हायचा. कामगारांना दुसरे उद्योग नाहीत, असं माझं ठाम मत होतं. मी तशी शांत स्वभावाची नाही, आणि सोसायटीची सेक्रेटरी झाल्यापासून तर मुळीच नाही.

एका पावसाळ्यात मुलीला डेंग्यू झाला. पाच दिवस हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून मी रोज सकाळी प्लेटलेट्सच्या आकड्याची वाट बघितली. ती बरी होऊन घरी आली त्याच संध्याकाळी मी महानगरपालिकेला तक्रार लिहायला बसले. एक, टायरांत पाणी साचून डास होतात. दोन, जुनं तेल गटारात जातं. तीन, भंगार रस्त्यावर ठेवतात. चार, विनाकारण हॉर्न वाजवतात. सबब सदर यार्ड कायमचे बंद करण्यात यावे. मग दारोदार फिरून सह्या घेतल्या.

पंधरा दिवसांनी दाराची बेल वाजली. बाहेर साठीच्या पुढची एक बाई उभी होती. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हातात प्लास्टिकची पिशवी. यार्डाची मालकीण. मी तिला रोज वरून बघायचे, पण समोरून पहिल्यांदाच बघत होते. तिचे सासरे इथल्या मिठागरावर राबले, नवऱ्याने त्यांच्याच जमिनीच्या तुकड्यावर रिक्षा तोडायचा धंदा काढला, आणि तो गेल्यापासून ती तो चालवत होती, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी ती भांडायला आलीय असं समजून मी पदर खोचूनच उभी राहिले. तिने पिशवीतून महापालिकेची नोटीस काढली.

"ह्यो कागद वाचून दाखवाल का? सरकारी मराठी मना कळत न्हाय."

तक्रार कोणी केलीय ते तिला माहीत नव्हतं की माहीत असूनच ती आली होती, हे मी तिला कधीच विचारलं नाही. तिला सोफ्यावर बसवून मी माझीच तक्रार माझ्याच तोंडाने वाचून दाखवली. त्यासारखी शिक्षा शत्रूलाही होऊ नये. तेलाचं आणि रस्त्याचं ती कबूल झाली. टायर ठेवायच्या आधी त्यांना खालून भोकं पाडते, पाणी राहत नाही, असं म्हणाली. चौथ्या मुद्द्यावर तिने बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. यार्ड बंद झालं तर कामावरच्या आठ माणसांचं काय, एवढंच ती जाताना पुटपुटली. मी चहा दिला नाही, हे मला आजही खातं.

पाहणीला परवाना विभागाचे निरीक्षक आले, सोबत आरोग्य विभागाची एक कर्मचारी. टायरांना खरोखरच भोकं होती. मग आरोग्यवाली बाई आमच्या आवारात शिरली. तिथे उघड्यावर आमची गाडी सहा वर्षं जागची हललेली नव्हती. नवरा तिला विकू देत नव्हता. मुलीला प्रसूतिगृहातून याच गाडीतून घरी आणलं होतं. त्याने तिच्यावर चांगलं जाड कव्हर घातलं होतं, आणि त्या कव्हरच्या खोलगट भागात पावसाचं पाणी साचलं होतं. बाईने डाव बुडवून ते पाणी पांढऱ्या भांड्यात ओतलं आणि माझ्यासमोर धरलं. अळ्या वळवळत होत्या. खाली जमलेले शेजारी एकेक करून जिन्याकडे वळले.

सुनावणी प्रभाग कार्यालयात, तिथल्या साहेबांसमोर होती. मालकीण तीच पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. आमच्या अळ्यांची बातमी भिंतीपलीकडे गेलेली असणार, पण ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. साहेबांनी पहिला मुद्दा वाचला. डेंग्यूचं नाव निघाल्यावर त्यांचा चेहरा गंभीर झाला. मी गप्प बसले असते तर यार्ड बहुधा तिथेच गेलं असतं. रात्रभर तळमळून मी ठरवून आले होते.

"साहेब, पहिला मुद्दा काढून टाका. डास आमच्याच गाडीवर होते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. धंदा करायचा त्यांना हक्क आहे आणि त्यावर अटी घालायचा महापालिकेला अधिकार आहे, असं त्यांनी शाळेतल्या मास्तरांसारखं समजावलं. बंद करायचं तर कारण लागतं, शेजाऱ्यांचा राग हे कारण होत नाही. मग अटी ठरल्या. खबरदारी म्हणून टायर उघड्यावर नकोत. तेलासाठी सिमेंटची जमीन आणि टाकी. रस्त्यावर एक बोल्टही ठेवायचा नाही. एक जरी अट मोडली तरी परवाना रद्द. चौथ्या मुद्द्यापाशी त्यांनी माझ्याकडे बघितलं, हा ठेवायचा का म्हणून. एवढं नाक कापून घेतल्यावर काहीतरी हातात घेऊन घरी जावं असं मला वाटलं. मी म्हटलं, ठेवा. मालकिणीने मान खाली घालून "चालंल" म्हटलं.

तिने दोन महिन्यांत अटी पाळून दाखवल्या. तेल गटारात जायचं थांबलं, हॉर्नही थांबले. दुपारची झोप लागायला लागली आणि मी स्वतःवर खूश होते.

आमच्या गाडीचा निर्णय मात्र नवऱ्याने स्वतःच घेतला. मुलीच्या फाइलीतला रिपोर्ट एकदा हातात घेतला आणि म्हणाला, देऊन टाकू. आरटीओचे कागद झाले आणि एका सकाळी चौघांनी धक्का मारत गाडी वळसा घालून यार्डात नेली. फाटकावर पत्र्याचा बोर्ड होता. चारही अटी पेंटरकडून ठळक लिहून घेतलेल्या. माझ्याच तक्रारीतून निघालेली वाक्यं मी पहिल्यांदा मान वर करून वाचली.

गॅसकटरवाला सवयीने एक चालू बॅटरी ओढत आणून आमच्या गाडीला वायर जोडायला वाकला, आणि मध्येच थांबून मालकिणीकडे बघायला लागला. तिने मान हलवली. त्याने बॅटरी मागे नेली. हे काय, मी विचारलं.

"आमच्या ह्यांनी घातलेली रीत व्हती," ती म्हणाली. "गाडी कापायच्या आधी जिची गाडी तिनं, ज्याची गाडी त्यानं एकदा हॉर्न वाजवायचा. कोण नसला तर मी वाजवायची. मुकी गाडी कापायची न्हाय."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. दोन महिने गाड्या मुक्या जात होत्या आणि वर मी शांततेत झोप काढत होते. नवरा तोवर आत जाऊन स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. मी म्हटलं, काकी, जोडा बॅटरी, तक्रार माझीच होती ना, मी सांगतेय.

"तक्रार तुमची व्हती, ताई. कागद म्हापालिकेचा हाय. आठ घरां हायत त्याच्यावर. मी न्हाय मोडणार."

ती बरोबर होती, आणि मला ते कळत होतं म्हणूनच जास्त राग आला, या वेळी स्वतःचा. नवरा खिडकीतून म्हणाला, राहू दे गं. मी म्हटलं, राहू दे नाही, गाडीला हात लावायचा नाही कोणी. दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन त्याच साहेबांसमोर उभी राहिले. तक्रारदारच स्वतःची अट काढायला आलाय हे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असावं. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. तरी निरीक्षकाचा अहवाल, पुन्हा सुनावणी, सगळं रीतसर झालं. शेजाऱ्यांच्या दारोदार मी पुन्हा फिरले. एकाने विचारलं, आता नेमकं कशासाठी सही हवी, ते तरी नक्की सांगा. मी हॉर्नची गोष्ट सांगितली आणि त्याने बायकोलाही बोलावून सही करायला लावली. तोवर तीन आठवडे गाडी खाली यार्डात उभी होती. चहा करताना मी रोज तिच्याकडे बघायचे. कव्हरशिवाय ती बरी दिसत होती.

शेवटी आदेश आला. मालकिणीने जुनी अट पुसली नाही; पेंटरकडून तिच्याखाली लाल अक्षरांत लिहून घेतलं की प्रत्येक वाहनासाठी एकदा, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. बोर्ड वाळेपर्यंत तिने आम्हाला खुर्च्या दिल्या आणि चहा पाजला. मी तिला दिला नव्हता तो चहा.

बॅटरी जोडली. नवरा स्टिअरिंगसमोरून उठला आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसला. "तू वाजव," म्हणाला. वर आमच्या खिडकीत मुलगी उभी होती. मी त्याच्या जागी बसून हॉर्नवर दोन्ही तळवे ठेवून दाबलं. आधी खरखर झाली, मग तोच आवाज आला. मुलगी पाच दिवसांची होती तेव्हा गेटवर वॉचमनला उठवायला नवऱ्याने वाजवला होता तो. मालकिणीने डोळ्यांवरचा चष्मा काढला. अर्जात मी 'एकदा' लिहिलं होतं. किती वेळ ते लिहिलं नव्हतं, म्हणून मी हात उचलला नाही.