कुणी नसलेली मावशी

मागणं हासुद्धा धंदा असतो आणि त्यात सल्लागार असतात, हे त्या गृहस्थाकडून ऐकून लोक आधी हसत. सासुरवाडीला तर त्याचं नावच 'झोळीवाले' पडलं होतं. खरं म्हणजे झोळी त्यानं कधी खांद्याला लावली नाही. अनाथाश्रम, दवाखाने, वाचनालयं अशा संस्थांनी लोकांपुढे हात कसा पसरावा, एवढं तो शिकवायचा आणि ठरलेली फी घ्यायचा. देणगीत टक्का मागणाऱ्यांना तो तोंडावर चोर म्हणायचा. माणूस सरळ होता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे झालं ते लबाडीनं नाही, हुशारीनं झालं.

त्याचा एक नियम होता. गर्दीसाठी मागू नका, एका माणसासाठी मागा. आश्रमभर म्हाताऱ्यांना छप्पर हवंय म्हटलं की लोक हात आखडता घेतात. एकच म्हातारी दाखवा, हात आपोआप खिशात जातो.

त्याची मावशी राहायची त्या वृद्धाश्रमाचं छत गळू लागलं, तेव्हा त्यानं ते काम फुकट अंगावर घेतलं. आई गेल्यावर याच मावशीनं त्याला वाढवलं होतं, त्याच्यापायी स्वतःच्या लग्नावर पाणी सोडलं होतं. आता तिला विसर पडू लागला होता. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, "दिसत राहा. दिसलात तरच लक्षात राहाल." म्हणून तो दर रविवारी न चुकता जायचा. "आला का माझा गाढव!" असं ती ओरडली, की त्याचा आठवडा सुखात जायचा.

आवाहनासाठी त्यानं आश्रमातल्या सगळ्यांचे फोटो काढले आणि नेमका मावशीच्याच फोटोवर अडकला. ती दाराकडे बघत होती. चहाला उशीर झाला म्हणून चिडून बघत होती, पण फोटोत चहा थोडाच दिसतो! खाली त्यानं लिहिलं, 'हिला कुणी नाही. तरी ही रोज दाराकडे बघते.'

"अहो, पण तुम्ही आहात ना?" आश्रमाच्या व्यवस्थापक बाईंनी विचारलं.

"मी आहे असं लिहिलं तर छत होणार नाही, बाई. काम होईपर्यंतच. तिला कुठं कळणार आहे?"

बोलताना त्याच्या मनात पाल चुकचुकली. पण चेहरा अचूक सापडला होता, आणि धंद्यात मुरलेल्या माणसाला त्यापुढे दुसरं काही सुचत नाही.

पैसा धो धो आला. मागोमाग देणगीदार आले, कारण प्रत्येकाला ती म्हातारी डोळ्यांनी बघायची होती. मग बाईंचा फोन आला. "साहेब, या रविवारी नका येऊ. मंडळी येतायत. तुम्ही दिसलात तर पंचाईत." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मधल्या वारी तो परगावच्या कामांत अडकलेला. एकदा धीर करून त्यानं फोनवर बाईंकडे मावशीची चौकशी केली.

"मजेत आहेत. लोक हात हातात घेतात, म्हणतात, आजी, तुम्हाला कुणी नाही ना, आम्ही आहोत. सुरुवातीला भांडायच्या, भाचा आहे म्हणून. मग आमच्या मुलींनी समजावलं, भास होतो तुम्हाला. आता शहाण्यासारखं ऐकून घेतात."

बाईंनी हे कौतुकानं सांगितलं. त्यानं त्याच पावली उठून जायला हवं होतं! पण सगळ्यात मोठ्या देणगीदाराचा शेवटचा हप्ता यायचा होता, आणि तो थांबला. याबद्दल मी त्याला माफ करणार नाही.

छत पुरं झालं त्या दिवशी तो गेला. खोलीत रंगाचा ताजा वास होता. मावशीची तब्येत सुधारली होती, अंगावर कुणी दिलेला नवा स्वेटर होता. त्याला बघून ती सावरून बसली.

"बसा ना. लांबून आलात?"

"मावशी, मी. तुझा भाचा."

तिचा चेहरा उतरला. दाराशी उभ्या असलेल्या सेविकेकडे तिनं भीत भीत बघितलं आणि त्याला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाली, "असं बोलू नका हो. मला भाचा नाही. मी म्हणायचे, आहे, तर सगळे म्हणाले, भास आहे. फार रडले मी. आता कुठं तो दिसायचा थांबलाय."